शिल्पं कच्छात, निर्णय भांडुपात: एका शिल्पबागेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मुंबईतल्या एका शिल्पकार बाईंचं, त्यांच्या नवऱ्याचं आणि कच्छमध्ये त्यांची शिल्पबाग सांभाळणाऱ्या मिस्त्रींचं आहे. तिघांना विचारून लिहितो आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. लहान कलासंस्थांचे हिशेब आणि करारमदार बघणं हे माझं काम, त्यामुळे यातलं बरंचसं मला कागदांवरून आणि त्यांच्या घरच्या वादावादीतून कळलं.

वरवर पाहता हे वादळात पडलेल्या शिल्पांचं प्रकरण वाटतं. माझ्या मते ते तसं नाही. आठशे-नऊशे किलोमीटरवरच्या जागेत एखादी गोष्ट कापायची की ठेवायची हे कोणी ठरवायचं, हा यातला खरा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

बाई जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकल्या. भांडुपच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा गाळा आहे. शटर बारा फूट उंच, म्हणून त्याहून मोठं काम तुकड्यांत करायचं आणि तुकड्यांतच बाहेर काढायचं. अवजड वाहनांवर दिवसा शहरात निर्बंध, त्यामुळे ट्रेलर यायचा तो रात्री. शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात. ग्राइंडर सुरू झाला की तिथला मालक दारात येऊन उभा राहायचा, आणि त्याचं काही चूक नव्हतं.

न विकलेलं काम ठेवायचं कुठे, ही त्याहून मोठी अडचण. मुंबईत उघड्यावरच्या शिल्पाला कायमची जागा जवळपास नाहीच. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो, तिथली मांडणशिल्पं नऊ दिवसांनी उतरवावी लागतात. ज्या घोड्यावरून त्या परिसराला नाव पडलं, तो ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डच्या पुतळ्यासकट १९६५ साली भायखळ्याला राणीच्या बागेत गेला. आज काळा घोड्याला उभा आहे तो स्वाराविना घोडा २०१७ चा. राजाच्या पुतळ्याची ही गत, तर अमूर्त लोखंडी कामाला कोण जागा देणार?

२०१७ साली मुलुंडच्या एका कच्छी कुटुंबाने त्यांना आपली वडिलोपार्जित जागा दाखवली. भुजपासून तासाभरावर, बन्नीच्या गवताळ रानाच्या अलीकडे. कच्छमध्ये बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. गंमत म्हणजे यासंबंधीचा मूळ कायदा १९५८ चा, मुंबई राज्याचा आहे. त्याच्या नावातच विदर्भ प्रदेश आणि कच्छ क्षेत्र एकत्र आहेत, कारण तेव्हा दोन्ही एकाच राज्यात होते. ही जागा आधीच बिनशेती झालेली होती. विकत घेण्याऐवजी नऊ वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा झाला. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. त्यात पैसे कमी अडकले.

जागा सांभाळायला जवळच्या गावातले एक लोहार मिस्त्री मिळाले. त्यांचं घराणं तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी घंटा घडवणारं, स्वतः मिस्त्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करणारे. पगार ठरला. अधिकार काही ठरले नाहीत, कारण तो विषय कोणी काढलाच नाही.

पहिले हिवाळे

सुरुवात छान झाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पांढरं रण बघायला धोरडोकडे जाणाऱ्या पर्यटकांपैकी काही गाड्या इकडे वळायच्या. दोन खोल्या बांधल्या, तिथे तरुण शिल्पकार महिनाभर राहून काम करायचे. वांद्र्याहून किंवा दादरहून रात्रीच्या गाडीने भुज, पुढे जीप. बाई आणि त्यांचे यजमान वर्षातून चार-पाच फेऱ्या करायचे.

यजमान राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. हिशेब चोख. दोन हजारांवरच्या कुठल्याही खर्चाला त्यांची आगाऊ मंजुरी लागायची आणि दुरुस्ती असेल तर दोन कोटेशनं. मिस्त्रींनी एकदा विचारलं, "भाई, इथे वेल्डर मीच एक आहे. दुसरं कोटेशन कोणाकडून आणू?" घरात सगळे हसले. नियम मात्र बदलला नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून बरेच महिने कोणी जाऊ शकलं नाही. त्या काळात मिस्त्रींनी पाण्याची टाकी दुरुस्त केली, गांडा बाभळीचं (परदेशी काटेरी झुडपाचं) वाढलेलं रान तोडलं, अंग घासायला येणाऱ्या म्हशींसाठी कुंपणालगत वेगळा दगड रोवला. मंजुरी विचारली नाही, बिलं नंतर पाठवली. बाग सुरळीत राहिली. ही या प्रकरणातली पहिली निर्णयाची जागा होती आणि ती कोणाच्या लक्षातच आली नाही. टाळेबंदी उठली, मंजुरीची पद्धत जशीच्या तशी परत सुरू झाली.

अडचण

अडचणी एकदम आल्या नाहीत. पहिली आली मुंबईच्या सवयीतून.

फायबर, म्हणजे काचेचे धागे घातलेलं प्लास्टिक, हे मुंबईचं लाडकं माध्यम. गणपतीची सजावट, चित्रनगरीतले सेट, दुकानांचे देखावे, सगळीकडे तेच. हलकं, स्वस्त, लवकर होणारं. पण मुंबईत फायबरने बहुतेक वेळा एक मोसम काढला की काम झालं. कच्छच्या उन्हात दोन वर्षांतच जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत लेप, पांढरा पडला, हात लावला की भुकटी यायची आणि मग आतले काचेचे धागे वर आले. लहान मुलं हात लावतात, त्यामुळे हा केवळ दिसण्याचा मामला नव्हता.

दुसरं कॉर्टेन पोलाद. गंजाचा तांबूस थर स्वतःच धातूचं रक्षण करतो, म्हणून शिल्पकारांना ते आवडतं. वाळवंट कोरडं, म्हणजे कॉर्टेनला उत्तम, असा हिशेब होता. भुजला वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मुंबईत मोसमात दोन हजारांच्या वर. कागदावर मुद्दा बिनतोड. पण रणाची धूळ खारी असते. ती खाचांत बसते, पहाटेच्या दवाने ओलावते आणि मिठातल्या क्लोराइडमुळे गंजाचा तो थर कधी घट्ट धरतच नाही, पापुद्रे सुटत राहतात.

तिसरी अडचण जमिनीखाली होती. शिल्पांचे चौथरे बांधताना ठेकेदाराने काँक्रीटमध्ये बोअरचं पाणी वापरलं. सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. ते पाणी तोंडात घेतलं तरी खारट लागायचं. मिस्त्रींनी तेव्हाच टँकरचं गोडं पाणी मागवा म्हणून सांगितलं होतं. टँकरचा खर्च मुंबईला कळवला गेला, दुसरं कोटेशन मागवलं गेलं, तोवर ठेकेदाराने काँक्रीट ओतून टाकलं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मिस्त्रींनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. पावसानंतर एका चौथऱ्याच्या कडेने तांबूस पाणी झिरपत होतं. मुंबईहून उत्तर गेलं, "नोंद घेतली." खाली लगेच वीजबिलाचा फोटो, त्याखाली डिझेलची पावती. तो झिरपा त्या रांगेत हरवून गेला.

जून २०२३

बिपरजॉय चक्रीवादळ अरबी समुद्रात बरेच दिवस रेंगाळलं. ते नेमकं कुठे जाईल हे सुरुवातीला स्पष्ट नव्हतं. मुंबईत लाटा उसळत होत्या, सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. मग अंदाज कच्छ-सौराष्ट्राकडे स्थिरावला आणि मिस्त्रींचा फोन आला.

बागेत सात मीटर उंच खांबाचं एक शिल्प होतं. वर वाऱ्याने फिरणारी पाच पाती. बाईंचं सर्वांत नावाजलेलं काम. "बेन, पाती उतरवून ठेवतो," मिस्त्री म्हणाले. उतरवायची म्हणजे कापायची, कारण नट-बोल्ट दिसू नयेत म्हणून सगळे सांधे वेल्ड करून घासून गुळगुळीत केलेले. बाई म्हणाल्या, "थांबा मिस्त्री, आम्ही इंजिनियरना विचारतो."

मुंबईच्या इंजिनियरनी जुनी आकडेमोड काढली. शिल्प मुळात मुंबईतल्या एका प्रकल्पासाठी आखलेलं, म्हणून वाऱ्याचा मूलभूत वेग, म्हणजे त्या भागासाठी आकडेमोडीत धरायचा वेग, धरला होता सेकंदाला ४४ मीटर. भुजसाठी वाऱ्याच्या भाराबद्दलच्या भारतीय मानक ८७५ मध्ये तो ५० आहे. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे आकड्यांतला हा सहाचा फरक दाबात जवळपास तीस टक्क्यांचा होतो. तरीही हवामान खात्याचा अंदाज होता ताशी ११५ ते १२५ किलोमीटर, झोत १४० पर्यंत. १४० म्हणजे सेकंदाला साधारण ३९ मीटर, ४४ च्या आत. इंजिनियर म्हणाले, टिकेल. त्यांच्यापुढे जे कागद होते त्यांवरून हे उत्तर चूक नव्हतं.

गाड्या रद्द झाल्या होत्या, कोणी जाऊ शकत नव्हतं. कच्छ-सौराष्ट्रात सुमारे एक लाख लोकांना सुरक्षित जागी हलवलं जात होतं. अशा वेळी पात्यांबद्दल पुन्हा फोन करायला मिस्त्रींनाही संकोच वाटला असावा. "टिकेल म्हणतात, राहू द्या," हा निरोप त्यांना मिळाला. वीज जाण्याआधी त्यांनी ग्राइंडर लावला, पाचही पाती कापली आणि गोदामात नेऊन ठेवली. पंधरा तारखेच्या संध्याकाळी वादळ जखौ बंदराजवळ जमिनीवर आलं. नेटवर्क परतल्यावर मुंबईत दोन ओळींचा मेसेज पोचला. पाती कापली आहेत, घरचे सगळे बरे आहेत.

खांब उभा राहिला. पडली ती कॉर्टेनची कमान, जिच्याबद्दल कोणी चर्चाच केली नव्हती, कारण ती बुटकी, जड आणि सर्वांत सुरक्षित समजली जात होती. शिल्प चौथऱ्याला धरून ठेवणारे अँकर बोल्ट गंजून बारीक झाले होते, काँक्रीट फुगून तडकलं होतं. फायबरची एक आकृती उडून कुंपणापलीकडे गेली. सुदैवाने तिकडे कोणी नव्हतं.

खांबाचा चौथरा नंतर खोदला तेव्हा आत तीच अवस्था निघाली. पाती असती तर खांब गेला असता का? इंजिनियरचं मत, पाती टिकली असती, बुडाची खात्री देता येत नाही. आकडेमोडीत बोल्टचा व्यास पहिल्या दिवसाचा होता, आणि ऑगस्टमधला तो फोटो त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

घरातला वाद

बाई भयंकर चिडल्या. मिस्त्रींनी आज्ञा मोडली, यापेक्षा कापताना सांध्यापासून बोटभर बाहेर कापलं, याचा राग जास्त होता. तिथली वक्ररेषा गेली. यजमानांचं म्हणणं वेगळं. एकदा नियम मोडून भलं झालं, म्हणून नियमच नको असं नाही. उद्या दुसरा कोणी भलतंच कापेल. मला दोघांचंही म्हणणं पटत होतं, पण दोघेही चुकीच्या टोकाने विचार करत होते. मिस्त्रींनी नियम मोडला खरा, पण मुळात त्या प्रसंगासाठी नियमच नव्हता. हाती होती ती फोनवर विचारण्याची सवय.

समोरचे पर्याय

सगळं गुंडाळून शिल्पं मुंबईला आणावीत, हा पहिला विचार. वाहतुकीचा खर्च आणि ठेवायला जागा नाही, या दोन कारणांनी तो मागे पडला.

रणाच्या वाटेवरचा एक रिसॉर्ट बाग चालवायला घ्यायला तयार होता. पैसे बरे देत होते. पण त्यांना रात्री रंगीत दिवे, शिल्पांवर चढून फोटो काढण्याची मुभा आणि प्रवेशद्वारी उंटाची आकृती हवी होती. बाईंनी एका बैठकीत नकार दिला. मी असतो तर दुसरी बैठक तरी घेतली असती, कारण दिव्यांवर तडजोड होऊ शकत होती.

तिसरा पर्याय बाग लहान करून, वाळवंटाच्या कलाने चालवण्याचा. इथे जगातली दोन उदाहरणं उपयोगी पडली. टेक्ससच्या वाळवंटी मार्फा गावात डोनाल्ड जडने उभारलेली चिनाटी फाउंडेशन १९८६ साली खुली झाली. तिथे काँक्रीटची १५ कामं उघड्या रानात आहेत, पण ॲल्युमिनियमची १०० कामं तोफखान्याच्या जुन्या शेडमध्ये, मोठ्या खिडक्यांच्या आत ठेवली आहेत. चकचकीत पृष्ठभाग त्याने उन्हाधुळीच्या हवाली केला नाही. याउलट नोआ प्युरिफॉय १९८९ साली कॅलिफोर्नियाच्या जोशुआ ट्रीला गेला आणि २००४ साली वारला तोवर भंगारातून उघड्यावर शिल्पं रचत राहिला. ऊन-वाऱ्याने ती झिजणं त्याला मान्य होतं. दोन्ही रस्ते चालण्याजोगे आहेत. पण झिजू द्यायचं की जपायचं, हे प्रत्येक शिल्पाबाबत आधी ठरवावं लागतं. आपल्या या बागेत ते एकाही शिल्पाबाबत ठरलं नव्हतं.

काय केलं

फायबरची सगळी कामं भांडुपला परत आली. गाळा पुन्हा भरला, शेजारी पुन्हा दारात. कमानीचे तुकडे बाईंनी जिथे पडले तिथेच ठेवले आणि ते गंजू द्यायचे असं लेखी नोंदवलं. उरलेल्या कामांचे चौथरे नव्याने बांधले: टँकरचं तपासलेलं पाणी, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे अँकर बोल्ट, चौथऱ्याच्या माथ्याला उतार म्हणजे पाणी साचणार नाही. नेहमीच्या ३०४ पेक्षा ३१६ महाग असतं, पण त्यातल्या मॉलिब्डेनममुळे खाऱ्या हवेत ते जास्त तग धरतं. बोल्ट उघडे ठेवायचे, म्हणजे दर महिन्याला डोळ्यांनी तपासता येतील, यावर बाईंशी सर्वांत मोठं भांडण झालं. शेवटी बोल्ट उघडे राहिले. नवी कामं स्थानिक वालुकाश्मात होऊ लागली. एप्रिल ते सप्टेंबर बाग बंद ठेवायचं ठरलं. उन्हाळ्यात धातूला हातच लावता येत नाही, येणारा माणूस सावली शोधतो आणि निघून जातो.

आणि अधिकारांचा कागद. तो मी लिहून दिला, दोन पानांचा, एक प्रत गुजरातीत. एका वेळी पंधरा हजारांपर्यंतचा दुरुस्तीखर्च मिस्त्रींनी न विचारता करायचा. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा लागला की माणसांच्या आणि शिल्पांच्या सुरक्षेसाठी उतरवणं, बांधणं, कापणं हा निर्णय त्यांचा. नंतर कोणी जाब विचारायचा नाही. रंग, पॉलिश, आकार बदलणं हे मात्र बाईंचं. प्रत्येक शिल्पासाठी कुठे कापलं तर कमीत कमी नुकसान होईल ती रेषा बाईंनी स्वतः जाऊन आतल्या बाजूला आखून दिली. हे करायला त्या तयार होतील असं मला वाटलं नव्हतं.

यजमानांनी मिस्त्रींना भागीदारीही देऊ केली. मिस्त्रींनी नाही म्हटलं. "भाई, भागीदार म्हणजे तोट्यातही ना? मला पगार वाढवून द्या, मुलाला कामावर घ्या आणि दोघांचा विमा काढा." तसंच झालं. भागीदारी देऊ करणं बाहेरून बघणाऱ्यांना फार उदार वाटतं, पण तोट्यातल्या धंद्यात ती घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

निष्पत्ती

बाग आजही नफ्यात नाही. हिवाळ्यातली तिकिटं आणि राहायला येणाऱ्या शिल्पकारांचं शुल्क यातून पगार आणि वीज निघते. भाडं मुंबईतल्या कामांतून जातं. आधी हे कळतही नव्हतं, कारण गाळ्याचा आणि बागेचा हिशेब एकाच वहीत होता. तो वेगळा केल्यावर यजमान दोन दिवस गप्प होते. मिस्त्रींचा पंधरा हजारांचा अधिकार सुरू झाल्यापासून एकूण दुरुस्तीखर्च वाढला नाही. मोठं बिघडण्याआधी लहान दुरुस्त्या होतात, एवढाच फरक.

पाच पाती अजून गोदामात आहेत. मिस्त्री म्हणतात फ्लँज, म्हणजे बोल्टसाठी भोकं असलेल्या लोखंडी कडा, लावून बोल्टवर बसवू, म्हणजे पुढच्या वेळी तासाभरात उतरतील. बाईंना फ्लँज दिसलेला चालत नाही. पर्यटक पात्यांविना खांबाचे फोटो काढतात, त्याने त्या आणखी वैतागतात.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्याची तपासणी सर्वांत आधी. ती स्वस्त असते आणि या प्रकरणातलं निम्मं नुकसान तिथेच टळलं असतं. आकडेमोड जागेची हवी, शिल्प मुळात ज्या शहरासाठी आखलं त्या शहराची नको. चौथरे बांधले तेव्हाच्या नकाशात भुज भूकंपप्रवण क्षेत्र पाचमध्ये होतं, मुंबई कमी धोक्याच्या तीनमध्ये; २६ जानेवारी २००१ आठवणाऱ्या जिल्ह्यात सात मीटरचा खांब उभारताना हा प्रश्नही कोणी विचारला नव्हता. आता नव्या चौथऱ्यांत तो हिशेब धरला आहे.

टाळेबंदीनंतरचा क्षण मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तेव्हा एक माणूस न विचारता बाग नीट चालवू शकतो हे सिद्ध झालं होतं, तेही शांतपणे, बागेवर वादळासारखं संकट नसताना. अधिकारांचा कागद तेव्हाच झाला असता तर जूनमध्ये पात्यांवर वाद झालाच नसता, आणि बाईंनी आखलेल्या रेषेवर कापलं गेलं असतं. यजमान यावर म्हणतात, वादळाशिवाय असा कागद आमच्याकडून झाला नसता. असेलही.

फोटोंसाठी वेगळा गट केला आहे, त्यात पावत्या टाकायच्या नाहीत. ही व्यवस्था चालते आहे.

उरला भाडेपट्टा. तो २०२६ अखेर संपतो. मुलुंडच्या मालकांच्या पुढच्या पिढीला जागेचा भाव कळला आहे. मूळ करारात चौथरे आणि खोल्या कोणाच्या, याबद्दल एक ओळही नाही. शिल्पं काढून नेता येतील, पण सहा टनांचं काँक्रीट नेता येत नाही. नव्या मसुद्यात ते कलम घातलं आहे, आणि जागा मालकांकडे परत गेली तर मिस्त्रींना सहा महिन्यांचा पगार द्यायचा हेही. मालकांनी पहिलं कलम मान्य केलंय, दुसऱ्यावर बोलणी चालू आहेत.